डाव्या हाताचा दौलत

तुमच्या जाण्यानं जगाच्या चित्रपटसृष्टीत कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे रविवारी सांगलीत ठरलं. तसा ठराव सर्वांनी उभं राहून एकमतानं मंजूर केला. एक मत विरोधात होतं, पण ते माझ्या बायकोचं होतं आणि ती बसून होती, त्यामुळे ते धरलं गेलं नाही.

तुम्हाला एकेरीत बोलावं असं मला पन्नास वर्षं वाटत आलं आहे. पण मेलेल्या माणसाला आणि बायकोच्या माहेरच्या माणसाला अहोजाहो करावं लागतं, आणि तुम्ही दोन्ही होता. निदान रविवारपर्यंत होता. तेव्हा ऑर्विलराव ट्रस्क, आपण कधी भेटलो नाही, तुम्हाला माझं नावही ठाऊक नव्हतं, तरी चार शब्द ऐकून घ्या. तुमच्या वतीनं मी इतकी वर्षं बोललो. आता थोडं तुमच्याशी बोलतो.

मंगळवारी सकाळी साताऱ्याच्या वाचनालयात तुमची बातमी वाचली. मी तिथे ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी रोज जातो, कारण घरी बसलं की दुपारपर्यंत तुमचा विषय निघतो. हल्ली कागदाच्या टंचाईमुळे वर्तमानपत्रांची पानं कमी झाली आहेत, तरी मुंबईच्या इंग्रजी पत्रानं तुम्हाला चार ओळी आणि एक फोटो दिला होता. अमेरिकेत वृद्धापकाळानं निधन. मूकपटांच्या काळात साहसी नायक म्हणून नाव मिळवलं. बोलपट आल्यावर आवाज फार पातळ असल्यामुळे कामं मिळेनाशी झाली. पुढे कुंपणाच्या तारेचं दुकान चालवलं.

‘आवाज फार पातळ’ हे मी मोठ्यानं वाचलं. समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. ती मीच लावलेली आहे. माणूस गेल्याच्या बातमीनं आनंद होऊ नये, एवढं मला कळतं. झाला, एवढंच सांगतो.

कारण तुमचा आवाज मी होतो. तुम्हाला हे कोणी कळवलं नसणार. आमच्याकडे रहिमतपूरच्या हुसेनभाईंचा तंबू होता. जत्रांमधून फिरायचा आणि तुमचे बारा-पंधरा भागांचे साहसपट दाखवायचा. चित्र मुकं, त्यात मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या. मी मॅट्रिकला इंग्रजीतच गटांगळी खाल्ली होती, पण अख्ख्या तंबूत इंग्रजी वाचू पाहणारा मीच. म्हणून पडद्याच्या कडेला उभं राहून गोष्ट समजावून सांगायचं काम मला मिळालं. पाटीतला पहिला शब्द मी वाचायचो, बाकीचे माझे. तुम्ही ओठ हलवायचात आणि मी ओरडायचो, “आरं ए सुक्काळीच्या, माझ्या आईच्या शेताला हात लावशील तर बघ!” तुमच्या मूळ गोष्टीत शेत होतं की रेल्वे, हे मला आजही ठाऊक नाही. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या तुम्हाला असायच्या. मी ज्या कडेला उभा असायचो तिथे अंधार होता.

पडदा तंबूच्या मधोमध असे. उजेड आरपार जावा म्हणून हुसेनभाई त्यावर पिचकारीनं पाणी मारत. पुरुष अलीकडे बसत, बायका पलीकडे. इंग्रजी पाट्या पलीकडून उलट्या दिसत, पण त्या अलीकडूनही कोणाला वाचता येत नसत, म्हणून कधी तक्रार आली नाही.

तुमचं नाव मीच ठेवलं होतं. ऑर्विल म्हटलं असतं तर लोकांनी पैसे परत मागितले असते. मी तुम्हाला दौलत केलं, आणि आडनाव गाव बघून देत गेलो. रहिमतपुरात तुम्ही माने होता, कोरेगावात बर्गे. आपल्या भावकीतला माणूस पडद्यावर पुलावरून उडी मारतोय म्हटल्यावर गाव दुसऱ्या दिवशीही येतं. तासगावकडच्या एका गावी मोहिते जास्त होते, म्हणून तिथल्या जत्रेत तुम्ही दौलत मोहिते झालात. पलीकडच्या बायकांत त्या गावच्या एका मोहित्यांची मुलगी बसली होती. चंद्रा तिचं नाव. आता ती माझी बायको आहे.

तिथे आमचा मुक्काम तीन दिवस होता. तिसऱ्या दिवसाअखेर तुम्ही दोरखंडाच्या पुलाला लटकत होता, खाली नदी, आणि एक मिशीवाला सुरीनं दोर कापत होता. पुढच्या भागाची पेटी रेल्वेनं यायची होती. ती आली नाही. लोक ओरडायला लागले तेव्हा मी सांगितलं, “मंडळी, उरलेलं पुढच्या जत्रेला!” पुढची जत्रा यायच्या आत चंद्राच्या वडिलांनी माझी चौकशी केली. इंग्रजी वाचणारा जावई त्या पंचक्रोशीत कोणाला नव्हता. लग्न झालं. साताऱ्याला येताना बैलगाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवत होतो. तेवढ्यात तिनंच डोक्यावरचा पदर जरा मागे घेतला आणि माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली.

“पुढं त्यो वाचला का?”

“कोण?”

“दौलत.”

मी म्हणालो, “वाचला.”

मला काय ठाऊक? ती पेटी कधीच आली नाही. पण नव्या नवरीला प्रवासात वाईट बातमी कशाला द्यायची, म्हणून मी तुम्हाला वाचवलं. त्या उपकाराची तुम्ही कशी परतफेड केलीत ते आता ऐका.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. चंद्रानं माझं नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही पुटपुटत. त्यानंतर मी ‘आवं’. तुमचं नाव मात्र सकाळ-संध्याकाळ. न्हाणीघरात साप निघाला, मी काठी आणायला म्हणून शेजारी गेलो आणि जरा जास्तच वेळ थांबलो. परत आल्यावर ऐकलं, “दौलतनं शेपटीला धरून भिरकावला असता.” तो साप रबराचा होता, हे मी पन्नास वर्षं सांगत आलो. तुमचा हो, आमचा नव्हे. मी सायकलवरून पडलो तर, “दौलत घोड्यावरनं पडला तरी टोपी हालत न्हवती.” मला पदोन्नती मिळाली तेव्हा तिनं पेढे वाटले आणि शेजारणीला सांगितलं, “आमच्या दौलतला असलं टेबलाम्होरं बसाय जमलं नसतं.” यात माझं कौतुक होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवतो आहे.

तुम्ही तिचे नक्की कोण होता, हे मला कधी उलगडलं नाही. भाऊ म्हणावं, तर भाऊबीजेला तिनं तुमच्या नावानं आकाशातल्या चांदोबाला ओवाळलेलं मी पाहिलं नाही. दुसरं काही म्हणावं, तर तसल्या माणसाचं नाव कोणी इतकं राजरोस घेत नाही. वाईट होतं ते एवढंच, की आडनाव मीच दिलेलं होतं. परका असता तर मी भांडलो असतो. माहेरच्या माणसाशी भांडून आमच्या जिल्ह्यात कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. नवरा चुकतो. माहेरचा माणूस दमलेला असतो.

आणि तो डावखुरेपणाचा वाद. तुम्ही पिस्तूल डाव्या हातात धरता, असं तिचं म्हणणं. उजव्या, असं माझं. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभा असायचो, तुमच्या बोटातली अंगठीसुद्धा मला पाठ होती. पण ती म्हणायची, “माझं डोळं काय भाड्यानं आणल्यालं हायेत?” आमचा विजय डाव्या हातानं पाटी गिरवायला लागला. मास्तरांनी त्याचा हात बांधायला सांगितला, मलाही ते पटलं. चंद्रा शाळेत गेली आणि मास्तरांना म्हणाली, “आमच्यात हाय ती रीत. त्याचा मामाबी डावराच हाय.” मास्तरांनी पाटी त्याच्या डाव्या हातात दिली. एका अमेरिकन माणसाच्या जोरावर माझा मुलगा डावखुरा राहिला. पुढे तो लष्करात गेला आणि लष्करानं त्याला उजव्या हातानं सलाम करायला शिकवलं. तेवढंच माझं समाधान.

असे आपले संबंध. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. बोलपट आले तेव्हा हुसेनभाई मला म्हणाले, “मास्तर, आता पडदाच बोलाय लागला. तुमी जरा बसा.” मी बसलो तो बसलोच. तिकडे त्याच सुमाराला तुम्हालाही कोणीतरी बसायला सांगितलं, हे मला मंगळवारी कळलं. तुमचा आवाज पातळ म्हणून, माझा जाड असून काही उपयोग नाही म्हणून. तुम्ही कुंपणाची तार विकलीत, मी पुस्तकांना पुठ्ठे घातले. आपण दोघं एकत्र होतो तेव्हा मिळून एक धड माणूस होत होता, आणि त्याला तंबूभर लोक टाळ्या देत होते. तुम्ही ओठ हलवले नसतेत तर मला कोणी तोंड उघडू दिलं नसतं. याबद्दल आभार. मत्सर त्यानं कमी होत नाही, पण आभार.

आता मंगळवार. मी ते वर्तमानपत्र मागून घरी आणलं. खरं सांगायचं तर बातमीसाठी नव्हे, फोटोसाठी. फोटोत तुम्ही टकले होता, गाल बसलेले, शर्टाचं वरचं बटण नाही. पन्नास वर्षांनी माझ्या हाती पुरावा आला होता. चंद्रा तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “दौलत गेला,” आणि फोटो पुढे केला.

तिनं चष्मा लावून बघितलं. म्हणाली, “किती वाळलाय बिचारा. कुनी बघाय न्हवतं वाटतं.”

मग उठली, तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, “पानी तापवा. डोक्यावरनं आंगुळ कराय पायजे.”

“कशाला?”

“मानूस गेलाय न्हवं भावकीतला?”

ती न्हाली. देव्हाऱ्यावर पडदा ओढला. दहा दिवस सुतक, दहा दिवस घरात फोडणी नाही, असं जाहीर केलं. मी म्हटलं, “अगं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस असतात.” ती म्हणाली, “मला शास्तर शिकवू नगा. पोरकं मानूस हाय, त्याला कोन धरनार?” माझे सख्खे काका वारले तेव्हा आमच्या घरी चौथ्या दिवशी लसणाचा वास होता. ते मला आठवलं.

रीतीप्रमाणे शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

“कोन गेलं वो?”

“भाऊ. चुलत.”

“कुठं आसायचं?”

“आम्रिकेत,” चंद्रा म्हणाली.

“आगं बया! कवा बोलला न्हाईसा ते!”

“त्यात बोलायचं काय? गेल्यालं बरीच वर्सं झाली त्याला.”

त्या दिवसापासून आळीत आमचा मान वाढला आहे. पुठ्ठे घालून मला तो कधी मिळाला नव्हता.

सांगलीचं बोलावणं आधीच आलेलं होतं. तिथे काही तरुण प्राध्यापकांनी जुने चित्रपट पाहण्यासाठी एक मंडळ काढलं आहे. पुण्याच्या एका संग्राहकाकडून तुमच्या साहसपटाचा एक भाग मिळाला, म्हणून रविवारी सकाळी त्यांनी एका थिएटरात खेळ ठेवला होता, आणि पडद्याशेजारी उभं राहून सांगायला मला बोलावलं होतं. बातमी आल्यावर त्यांनी त्याच खेळाला शोकसभेचं नाव दिलं. चंद्रा म्हणाली, “म्या येनार.” सुतकात तिनं प्रवासात पाणीसुद्धा घरचंच घेतलं.

शोकसभा भारदस्त झाली. तुमच्या तोंडात सिगारेट असलेल्या तरुणपणच्या फोटोला हार घातला होता आणि खाली उदबत्त्या. अध्यक्ष सहकारातले मोठे गृहस्थ होते. त्यांनी पोकळीचा उल्लेख केला. तुमचे एकही चित्र पाहण्याचे भाग्य आपल्याला लाभले नाही, परंतु तुमची तळमळ आपण जवळून पाहिली आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्या वक्त्यानं तुम्हाला मूकपटाचा महामेरू म्हटलं. महामेरू मी बऱ्याच सभांत ऐकला आहे, साताऱ्यात तो बहुतेक नगरपालिकेत असतो. मग दिवे गेले आणि मला पडद्याजवळ नेलं.

थिएटरात मागच्या बाजूला भिंत असते. चंद्राला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, सर्वांसारखी, पडद्याच्या पुढे.

तुम्ही आलात. घोड्यावरून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला, जरा चिरकाच, पण निघाला. “बघा, हा आला दौलत मोहिते!” लोक हसले, मग पुढे सरकून बसले. सांगतो, ऑर्विलराव, तेवढ्या वेळात मी तुमचं सगळं विसरलो होतो. तुम्ही घोड्यावरून उतरलात, पिस्तूल काढलंत.

“आवं, ह्यो न्हवं त्यो!”

आवाज पहिल्या रांगेतून आला. मी थांबलो. अध्यक्ष जागे झाले.

“कोण नव्हे, बाई?” प्राध्यापकांनी अंधारातून विचारलं.

“आमचा दौलत न्हवं ह्यो. त्यो डावरा हाय. ह्यो उजव्या हातानं बार काढतुया. आन् त्याचा तीळ ह्या गालावर हाय, ह्याचा त्या.”

“बाई, हेच ते. ऑर्विल ट्रस्क हेच.”

“लेकरा, तू बघितलंस का त्याला?”

“नाही, पण पुस्तकात...”

“म्या बघितलाय. तीन दिस.”

उरलेला भाग मी सांगितला, पण लोक तिच्याकडेच बघत होते. शेवटी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. मूकपटाच्या नटाला याहून साजेसं काही नव्हतं, पण तो विनोद कोणी केला नाही. सगळे उभे होते. चंद्रा पिशवीतून सुपारी काढून कातरत बसली होती. तिचं कोणी गेलं नव्हतं.

परतीची गाडी कराडला थांबली. मी कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेलो. कॅन्टीनच्या काचेवर बाहेरून ‘चहा, भजी, थंड’ असं रंगवलेलं आहे. आतून ती अक्षरं उलटी दिसत होती. मी हातात दोन कप घेऊन त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. मागचा माणूस “सरका की वो बाबा” म्हणाला.

पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या बायकांना तुम्ही उलटे दिसत होता. पाट्या उलट्या दिसत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाटी उलटी तर माणूसही उलटा, त्याचा उजवा हात डावा, हे कराडच्या स्टँडवर कळायला पन्नास वर्षं गेली. तिचे डोळे भाड्यानं आणलेले नव्हते. माझेही नव्हते. तो एकच माणूस होता, आणि तो मंगळवारच्या पेपरात मेलेला होता.

चहा सांडत मी गाडीत आलो. आयुष्यभर समजावून सांगायचं काम केलेला माणूस मी. आता सांगायला एकच वाक्य होतं, आणि ते खरं होतं. पन्नास वर्षांचा वाद संपला असता, विजयचा मामा संपला असता, आणि तुम्ही, टकले, शर्टाचं बटण नसलेले, कुंपणाची तार विकणारे, कायमचे गेला असता. घरात मी एकटा उरलो असतो. इतकी वर्षं मला तेच तर हवं होतं.

चंद्रानं कप घेतला. सुतकात ती बाहेरचा चहा घेत नव्हती. हा घेतला.

“मंजी मेला त्यो दुसराच कुनी,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं.

“बिचारा. त्येच्याबी घरी कुनी आसंल,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, बैलगाडीत विचारलं होतं त्याच आवाजात, “मंग आमचा त्यो वाचला का?”

ऑर्विलराव, तुमच्या बाजूनं मी खूप वाक्यं बोललो आहे. बहुतेक खोटी. तुम्ही त्यांतलं एकही ऐकलं नाहीत, म्हणून हे शेवटचं मुद्दाम कळवतो. मी म्हणालो, “वाचला.”

तेव्हा तुमच्या आत्म्याला शांती लाभो. त्याचं तुम्ही तिकडे बघून घ्या. आमचा इकडे ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा उंच आहे, केस सगळे आहेत, आणि आता तो मरायची काही सोय राहिली नाही. गाडी साताऱ्याला पोचेपर्यंत मला त्याच्याबद्दल दोनदा ऐकावं लागलं.

संध्याकाळी तिनं देव्हाऱ्यावरचा पडदा काढला आणि आमटीला फोडणी दिली. लसूण थोडा करपला होता.